फ्लीट वॉकरला त्याच्या ४२ मॅचवर मोजू नका

बेसबॉलवाले मोझेस फ्लीटवुड वॉकरचं नाव घेतात ते 'जॅकी रॉबिन्सनच्या आधीचा काळा खेळाडू' म्हणून (रॉबिन्सन म्हणजे १९४७ मध्ये मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडणारा), आणि पुढे लगेच रेकॉर्ड सांगतात, १८८४ चा एकच मेजर लीग (अमेरिकेतलं सगळ्यात वरच्या दर्जाचं बेसबॉल) सीझन, टोलेडो शहराच्या टीमकडून ४२ मॅच, बॅटिंग ॲव्हरेज .२६३, म्हणजे शंभरात साधारण २६ वेळा हिट. झालं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही.

अरे तो कॅचर होता! म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, पण त्या काळात आजचा जाडजूड मिट, म्हणजे कॅचरचा ग्लोव्ह, नव्हता, हात जवळपास उघडेच, आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, फक्त ५० फुटांवरून फेकायचा. बोटं सुजलेली, नखं फुटलेली, त्याच सीझनमध्ये फाउल टिप, म्हणजे बॅटला चाटून मागे आलेला बॉल, लागून बरगडी मोडली ती वेगळीच. आणि समोर पिचर कोण तर टोनी मुलेन, त्या वर्षी टोलेडोसाठी ३६ मॅच जिंकलेला. हा मुलेन नंतर स्वतःच्या तोंडाने सांगून गेलाय की वॉकर हा मला मिळालेला सगळ्यात भारी कॅचर, पण मला काळी माणसं आवडायची नाहीत म्हणून मी त्याचे सिग्नल (कोणता बॉल टाकायचा याच्या कॅचरच्या खुणा) बघायचोच नाही, मनाला येईल ते फेकायचो. आता विचार करा, कर्व्ह येणार की सरळ येणार हे माहीतच नाही, आणि ते उघड्या हातांनी पकडायचं, आणि सुटला तर चूक कॅचरच्या नावावर! त्या .२६३ मध्ये हे कुठे दिसतं?

शिकागोच्या टीमचा स्टार कॅप्टन कॅप ॲन्सनने तर १८८३ लाच त्याच्यासोबत खेळायला नकार दिला होता. टोलेडोच्या मॅनेजरने, चार्ली मॉर्टनने, दुखऱ्या हाताच्या वॉकरला मुद्दाम उतरवलं, नाही खेळलात तर गेटचे पैसे नाहीत, मग शिकागोवाले गुपचूप खेळले. मॉर्टनबद्दल मला फार आदर आहे. पण १८८७ ला वॉकरच्या तेव्हाच्या टीमने, न्यूअर्कने, ॲन्सनपुढे नमतं घेतलं, वॉकर आणि पिचर जॉर्ज स्टोवी दोघं खेळले नाहीत, आणि त्याच दिवशी, १४ जुलैला, न्यूअर्क जिच्यात खेळायचं त्या इंटरनॅशनल लीगने (मेजर लीगच्या खालची लीग) ठरवलं की काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. तरी वॉकर १८८९ पर्यंत त्याच लीगमधल्या सिराक्यूजकडून खेळत राहिला. त्याच्यानंतर त्या लीगमध्ये काळा खेळाडू आला तो थेट १९४६ ला, रॉबिन्सन.

ॲन्सन १९३९ पासून हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, आहे, वॉकर अजून नाही, आणि मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.