कर्नाटकाचे हत्ती, गोव्याचे पाहुणे

काकांचा महाराष्ट्रातल्या दोडामार्गातून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "कर्नाटकाचे हत्ती परत इले रे!" 2002च्या सुमारास दांडेलीकडून पहिले हत्ती घाट उतरून आले. पुढे तिलारीच्या रानात पिल्लं जन्मली, आमच्याच केळी-माडांवर वाढली. पण गावाच्या लेखी तीही कर्नाटकाचीच.

गोव्यात वाघांचं तेच. म्हादई अभयारण्यात जानेवारी 2020मध्ये चार वाघ विषाने मारले गेले. जुलै 2023मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. राज्यकर्त्यांचं म्हणणं असं की वाघ इथे राहत नाहीत, कर्नाटकातून ये-जा करतात. म्हणजे विष पाहुण्यांना घातलं म्हणायचं?

मी पोलंडमध्ये राहतो. पूर्वेला बेलारूसच्या सीमेवर ब्यावोव्हिएझाचं जुनं अरण्य आहे. तिथला झुबर म्हणजे आपल्या गव्याचा केसाळ भाऊबंद. त्या रानातला शेवटचा झुबर 1919च्या सुमारास मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपैकी जेमतेम डझनभर जनावरांपासून वंश पुन्हा वाढवला आणि 1952मध्ये कळप रानात सोडले. इतक्या जवळच्या रक्ताच्या कळपांची सरमिसळ व्हायला हवी. पण 1981मध्ये सोव्हिएत बाजूने कुंपण घातलं, आणि 2022मध्ये निर्वासितांना अडवायला पोलंडने साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभी केली. आता लिंक्स या मोठ्या रानमांजराचीही वाट अडली. जागतिक वारशाच्या यादीत मात्र अरण्य दोन्ही देशांचं मिळून एकच आहे.

ती भिंत पाहिल्यापासून घरचा वाद ऐकवत नाही. तिलारी, कर्नाटकातलं भीमगड अभयारण्य, म्हादई यांच्यामध्ये असलं पोलाद नाही. तीन वनखाती आणि तीन फायली आहेत, एवढंच. ओंकार नावाचा हत्ती 2025मध्ये दोडामार्गातून गोव्यातल्या पेडण्यात गेला, तो कुणाची परवानगी काढून गेला नाही.

वॉर्सात बसून हे बोलणं सोपं, हे कबूल. उभी बाग एका रात्रीत आडवी झालेली मी सुट्टीत पाहिली आहे. भरपाई मिळते, पण फळता माड गेला की पुढची कित्येक वर्षं गेली, तो हिशोब तीत बसत नाही. इथे झुबराने शेत खाल्लं तर भरपाई राष्ट्रीय तिजोरीतून येते. आपल्याकडेही तिन्ही राज्यांनी मिळून एक निधी का करू नये? जनावर कुठल्या राज्याचं, हा प्रश्नच मग उरणार नाही.

काकांना भिंतीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साडेपाच मीटर? हत्तीक पुरात मां?"