‘एडिटमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांनो, या आता बघायला

आठ मिनिटांची फिल्म. तीन दिवसांचं शूटिंग. आणि मी १६ दिवस एडिटिंगला बसलोय, त्यातले १२ दिवस नुसती आवाजाची धुणी धुतोय.

‘एडिटमध्ये बघून घेऊ’ हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं त्याला माझ्यासमोर आणा. नको, राहू दे. माझ्या हातात हेडफोनची वायर आहे.

कॅमेऱ्यावर आमची महिनाभर खलबतं चालली होती. लेन्स कुठली, मागचं किती धूसर दिसायला हवं, फोर-के हवंच का. सेकंदाला २४ फ्रेम की २५, यावरून दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू नये म्हणून धरायचा दांडा आणला, तो एकाही शॉटला धड वापरला नाही. आणि मी विचारलं, आवाजाचं काय? तर उत्तर आलं, ‘कॅमेऱ्याला माइक असतो ना!’ असतो रे बाबा. पण तो कॅमेऱ्याला असतो, नटाच्या तोंडापाशी नसतो. त्याला ऐकू येतो कॅमेरामनचा श्वास आणि फोकस रिंगची करकर. दहा फुटांवर हिरो हळू आवाजात आईची माफी मागतोय, ते त्याला भिंतीवर आपटून आल्यावर समजतं.

मग कुठूनतरी बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक आला. तो धरायचा कोणी? ज्याला दुसरं काही काम नाही त्याने! बूम धरणं म्हणजे छत्री धरणं नव्हे हो. नट वळला की माइक वळला पाहिजे. आमच्या या भिडूच्या एका हातात बूम, दुसऱ्या हातात फोन. तिसऱ्या टेकला माइक फ्रेममध्ये लोंबला, ओरडा बसला, आणि त्याने तो थेट छताला नेऊन टेकवला. तिथून पुढचा सगळा सीन पंख्याच्या मुलाखतीसारखा ऐकू येतो.

आता फ्रिज. स्वयंपाकघरातला सीन होता. मी म्हटलं, फ्रिज बंद करा. ‘एवढा कुठे आवाज येतोय?’ अरे, तुझा कान सवयीने तो आवाज गाळतो, माइक गाळत नाही! बरं, सतत घुमला असता तरी चाललं असतं. पण कॉम्प्रेसर मधेच चालू होतो, मधेच बंद पडतो. वाइड शॉटला घुंऽऽ, क्लोजअपला सुनसान, परत वाइडला घुंऽऽ. दोघं भांडतायत आणि प्रत्येक कटला कोणीतरी बटण दाबतंय असं वाटतं. (फ्रिज बंद करताना घराची किल्ली त्यातच ठेवायची. मग निघताना तो परत चालू करायला विसरत नाही. हे मी त्यांना सांगितलं होतं. हसले.)

रूम टोन तर विचारूच नका. रिकाम्या खोलीचाही एक आवाज असतो, तो ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवायचा, म्हणजे संवादांमधल्या फटी बुजवता येतात. ३० सेकंद गप्प बसायचं, बस्स. अकरा माणसांना जमलं नाही! पहिल्यांदा आठव्या सेकंदाला कोणीतरी फिसकन हसलं, दुसऱ्यांदा फोन थरथरला, तिसऱ्यांदा डायरेक्टरसाहेब स्वतःच म्हणाले, ‘जाऊ दे, पॅकअप.’ आता मी दोन वाक्यांमधली अर्धा अर्धा सेकंद शांतता कापून ठिगळं लावत बसलोय.

शॉटच्या सुरुवातीला पाटी आपटतात ना, चित्र आणि आवाज जुळवायला, तो क्लॅप दिला नाही, कारण ‘वेळ जातो’. रेकॉर्डरमधून ११२ फायली निघाल्या, नावाच्या जागी नुसते आकडे. कुठला आवाज कुठल्या शॉटचा, ते ओठ बघून ओळखायचं. त्यात एक अँगल फोनवर घेतलेला. फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो, कमीजास्त होत राहतो. सीनच्या सुरुवातीला ओठ बरोबर जुळतात, शेवटी तोंड मिटलं तरी माणूस बोलतोच आहे.

आणि तो ओरडण्याचा सीन! लेव्हल लावली कुजबुजीला, टेक झाला किंकाळीचा. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही कमाल पातळी, त्याच्या वर काही नसतं. लाटेचा माथा सपाट छाटला जातो, आणि छाटलेलं परत येत नाही. उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, असं मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. तो कागद एका शॉटमध्ये मागे स्पष्ट दिसतो. तेवढाच त्याचा उपयोग झाला.

‘नॉइज घालवायचं सॉफ्टवेअर असतं ना?’ असतं. थोडं लावलं तर थोडा नॉइज जातो, जास्त लावलं की माणूस पाण्याखालून बोलायला लागतो. १९३१ साली ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट करताना स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून त्या लोकांनी बरंचसं शूटिंग मध्यरात्रीनंतर उरकलं. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं, पण गाडीचा आवाज येतो हे कळत होतं. आमच्या लोकेशनच्या खिडकीखाली खोदकाम चालू होतं आणि आम्ही खिडकी ‘उजेड मस्त येतो’ म्हणून उघडी ठेवली.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. दुसऱ्या दिवशी कान दुखले म्हणून तासभर हेडफोन काढून ठेवले. नेमका त्याच तासात सगळ्यात चांगला टेक झाला. त्यात नटाच्या कपड्यांना लावलेला छोटा लेपल माइक शर्टाला घासतोय. खर्रर, खर्रर. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

काल डायरेक्टरने रफ कट बघितला. म्हणाला, ‘फ्रेम्स काय भारी आल्यात! आवाजाचं तेवढं जरा बघ.’

जरा!

तर आता डबिंग. कपाट उघडून, आत गोधड्या टांगून, त्यात नटाला उभं केलं. आला तो नाक चोंदलेला. पडद्यावर खणखणीत, कपाटात गेंगाणा. चार ओळी घेतल्या आणि परत पाठवला. गुरुवारी बोलावलंय, सर्दी उतरली तर.