नानांचा फोन आणि पिंट्याची हरकत

शनिवारी संध्याकाळी आमराईजवळच्या आमच्या कट्ट्यावर मी उशिरा पोचलो. भडंगाचा पुडा निम्मा संपला होता. उशीर का झाला ते सांगितलं आणि तिथूनच वादाला तोंड फुटलं.

आमचे नाना ७८ वर्षांचे. कानाचं यंत्र आहे, पण चार माणसं जमली की ते काढून खिशात ठेवतात. त्यातून पंखा, भांडी, माणसं सगळंच एकदम मोठं ऐकू येतं. गेली दोन वर्षं ते घरात असून नसल्यासारखे जेवायचे, मान खाली घालून. महिन्यापूर्वी मी त्यांच्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब चालू करून दिलं. समोरचा बोलेल ते मराठीत, मोठ्या अक्षरांत, पडद्यावर उमटत जातं. या शनिवारी नाना आणि माझी लेक तासभर बोलत बसले होते, विहिरीत पोहायला शिकल्याच्या गोष्टी. मला तिथून उठवेना.

"हे असतंय कुठं?" मास्तरांनी विचारलं. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत.

"अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअरवर फुकट. काही फोनांत सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत आधीपासूनच बसलेलं असतं. २०१९ पासून आहे."

"आणि आपल्याला आत्ता कळतंय?"

माझी खरी तक्रार हीच आहे. फोनच्या कॅमेऱ्याची जाहिरात क्रिकेटच्या प्रत्येक ओव्हरनंतर लागते. ज्या सोयीनं म्हाताऱ्या माणसाला घरात परत जागा मिळते, तिची कुणी चर्चाही करत नाही.

पिंट्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "चांगलं आहे, मान्य. पण नानांना त्याची सवय लावू नकोस. गूगल कधी काय बंद करेल याचा नेम नाही." आणि यादी सुरू केली. बातम्या-ब्लॉग वाचायचं रीडर २०१३ मध्ये बंद. मेलचं इनबॉक्स आणि गूगल प्लस २०१९ मध्ये. पॉडकास्ट २०२४ मध्ये. "आणि नेबरली आठवतंय का? आपल्या मुंबईतच २०१८ साली सुरू केलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, चांगला शिंपी कुठं, क्लास कुठं. २०२० च्या मेमध्ये गुंडाळलं. ज्यात कमाई नाही ते आधी जातं. आणि तुझ्या या अ‍ॅपात कसली कमाई आहे?"

मी म्हटलं, पिंट्या, हे कुणी बनवलं ते बघ. गूगलमध्ये दिमित्री कानेव्हस्की नावाचे संशोधक आहेत, लहानपणापासून ऐकू न येणारे. मीटिंगमधलं बोलणं त्यांना दुसरं माणूस टाइप करून द्यायचं, आणि तशी सोय आधी ठरवून ठेवावी लागायची. चहा पिताना कुणी सहज काही म्हणालं तर? त्या सहज बोलण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हे उभं केलं. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात बहुतेक विद्यार्थी कर्णबधिर असतात, त्या विद्यापीठाला सोबत घेतलं. स्वतःला नड होती म्हणून केलेली वस्तू आहे ही. म्हणूनच त्यात बारकावे आहेत. नाव उच्चारलं की फोन थरथरतो. बोलता येत नसेल त्याला खाली टाइप करून उत्तर देता येतं.

"माणूस चांगला आहे यात वाद नाही," पिंट्या म्हणाला. "बोलणं ओळखायच्या भागातला काही कोड त्यांनी २०१९ मध्येच कुणालाही वापरता येईल असा खुला केला, तेही मला माहीत आहे. पण मुख्य डोकं कंपनीच्या सर्व्हरवर आहे. ते बंद झालं तर खुल्या कोडचं नाना काय करणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. कट्टा क्षणभर गप्प झाला.

मग बापूंनी त्यात भर घातली. बापू बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे संशय हा त्यांचा धर्मच. "घरातलं सगळं बोलणं त्या सर्व्हरवर जाणार म्हण की!" मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आवाज लिहून घेण्यासाठी जातो. तो साठवून ठेवत नाही, असं कंपनी सांगते. लिहिलेला मजकूर फोनवर तीन दिवस ठेवायचा की नाही, ते आपण ठरवायचं. बापूंचं समाधान झालं नाही. "रिझर्व्ह बँकेचं ते अंधांसाठीचं मनी अ‍ॅप बघा. नोट धरली की कितीची ते बोलून सांगतं, नेट लागत नाही. २०२० पासून आहे." मी म्हटलं, बापू, गूगलचं लुकआउटही आपल्या नोटा ओळखतं, शिवाय पत्र आणि डब्यावरचं लेबल वाचून दाखवतं. पण नोटेपुरतं मनी चांगलं, हे मला पटलं. जे काम फोनच्या फोनमध्ये होतं, ते केव्हाही बरं.

मास्तर मधेच म्हणाले, "बोलो पण तसंच होतं रे." बोलो म्हणजे पोरांना वाचायला शिकवणारं अ‍ॅप. मार्च २०१९ मध्ये गूगलनं ते भारतातच आधी आणलं, हिंदी आणि इंग्रजीत. मराठी नंतर आली, आणि २०२० मध्ये नाव बदलून रीड अलाँग झालं. पोरगं मोठ्यानं वाचतं, दिया नावाची मुलगी ऐकते, अडलं तिथं शब्द सांगते. गोष्टी उतरवून घेतल्या की नेट नको. "लॉकडाऊनमध्ये माझ्या वर्गातली एक पोरगी," मास्तर म्हणाले, "चौघांसमोर तोंड उघडायची नाही. आईच्या फोनपुढं वाचायला लागली. शाळा उघडली तेव्हा ती धडा वाचत होती. आता ते अ‍ॅप उद्या गेलं तरी तिचं वाचन जाणार आहे का?"

पिंट्या यावर काही बोलला नाही. मला मात्र जे म्हणायचं होतं ते मास्तरांमुळे सापडलं. मी म्हटलं, "हे बघ, पाच वर्षांनी कंपनी काय करेल ते कळेपर्यंत थांबायला नानांकडे वेळ नाही. त्यांनी लेकीला पोहण्याची गोष्ट सांगितली, ती आता तिच्याकडे आहे."

"मग लिहून ठेव," पिंट्या म्हणाला. "तीन दिवसांच्या आत दुसरीकडे उतरवून घे. माझं एवढंच म्हणणं आहे. वापर, पण आपली प्रत आपल्याकडे पाहिजे."

हे मला मान्य होतं. खरं तर हे मला सुचायला हवं होतं.

तेवढ्यात बापूंनी हळूच विचारलं, जुन्या फोटोंसाठी असं काही आहे का. २०१९ च्या महापुरात त्यांच्या तळमजल्यावर पाणी आलं. लग्नाचा अल्बम माळ्यावर होता म्हणून वाचला, पण पानं चिकटायला लागलीत. फोटो मोबाइलवर काढले तर वरच्या दिव्याची पांढरी तिरीप पडते. मी त्यांना गूगलचं फोटोस्कॅन सांगितलं. पडद्यावर चार ठिपके येतात, एकेका ठिपक्यावर फोन न्यायचा. प्रत्येक वेळी तिरीप वेगळ्या जागी पडते, मग ते सगळे जोडून तिरीप नसलेला एक फोटो तयार करतं, कडाही सरळ करून देतं.

"चिकटलेली पानं ओढू नका," मास्तर म्हणाले, "आहे तसंच पानावरनं काढू."

रविवारी सकाळी नऊला बापूंकडे जमायचं ठरलं. अल्बम मी माळ्यावरून उतरवणार. पिंट्या पेन ड्राइव्ह आणणार आहे, दोन.