विरळणीत गेले असते असे मणी

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर वर्षातून दोनदा तरी तोच वाद उकरून काढला जातो. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून अर्धा गट म्हणतो की वाइन म्हणजे दारू नव्हेच, तिच्यामुळे शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतील. आणि उरलेला अर्धा म्हणतो की महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होणार. या खेपेला विरोधकांतल्या, पिंपळगावच्या धाकट्या चुलतभावाने मला उद्देशून लिहिले, “ताई, तुझ्या पोर्तुगालात ती दूध-पावासारखी मिळते, तू काय सांगणार आम्हाला!” हे मला झोंबले, कारण त्यात खोटे काही नाही. एव्होरात राहायला लागल्यापासून कामावरून परतताना मी भांड्यांचा साबण, भिजवलेला बाकाल्याउ (खारवलेला कॉड मासा) आणि मोंते वेल्यो वाइनची बाटली एकाच पिशवीतून आणते आणि त्यात काही वावगे आहे असे मनातही येत नाही.

तरीही माझा राग वेगळाच आहे. बाटलीत काय आहे, याबद्दल दोन्ही बाजूंपैकी कोणीही चकार शब्द काढत नाही.

मोंते वेल्यो ही एश्पोराँवची रोजच्या जेवणाची वाइन. रेगेंगुशजवळच्या या इस्टेटीच्या सीमा 1267 साली आखल्या गेल्या असल्या, तरी तिथला वाइनचा कारखाना माझ्यापेक्षा फारसा वयस्कर नाही. 1973 मध्ये दोघा भागीदारांनी ही जमीन घेतली, पुढच्याच वर्षी क्रांती झाली, जमीन सरकारजमा झाली, यथावकाश परत मिळाली आणि पहिली वाइन निघाली ती 1985 च्या हंगामाची. 1992 मध्ये डेव्हिड बेवरस्टॉक नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ इथे वाइन करायला आले आणि अनेक वर्षे राहिले. परदेशातून माणूस आणला म्हणून द्राक्षही सगळे परदेशी लावले, असे मात्र झाले नाही. थोडे काबेर्ने हे फ्रेंच वाण आले खरे, पण तांबड्या वाइनचा कणा आरागोनेझ आणि त्रिंकादेइरा या इथे पूर्वापार लावल्या जाणाऱ्या वाणांचा राहिला. आधुनिक म्हणजे चकचकीत पोलादी टाक्या, एवढीच समजूत घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले होते. त्या टाक्या आहेतच, पण अलीकडे बांधलेल्या विभागाच्या भिंती चोपलेल्या मातीच्या आहेत आणि त्या आतला गारवा टिकवून धरतात.

तिथे मी अलिकांते बुशेचा एक मणी चिमटीत चिरडून पाहिला. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरका असतो, रंग असतो तो सालीत. या वाणाचा गरच लाल. मूळचा हा फ्रान्समधला संकर, पण तिकडे त्याला फारसा मान मिळाला नाही आणि आलेंतेजोच्या, म्हणजे आमच्या या दक्षिण पोर्तुगालच्या, उन्हात त्याचे सोने झाले. जांभळट डाग दोन दिवस नखांतून गेला नाही. घडाचा फोटो भावाला पाठवला, तर त्याचे उत्तर आले, “असले मणी आम्ही विरळणीतच काढून टाकतो.”

त्याच्या जागी तो अगदी बरोबर आहे. त्याची बाग थॉम्पसन या खायच्या, मुळातच बिनबियांच्या द्राक्षांची. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, मग विरळणी, घड जीए या वाढीच्या संजीवकात बुडवणे, हा सगळा आटापिटा मणी फुगावा म्हणून. तांबड्या वाइनला नेमके उलटे हवे असते: मणी बारका, साल जाड, आत बी, कारण रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो. इथे तर वेल हिवाळ्यात झोपतो आणि छाटणी एकदाच होते. तेव्हा सुपरमार्केटच्या फळीवर वाइन आली म्हणून थॉम्पसनवाल्याच्या खिशात आपोआप काय पडणार आहे? वाइनची द्राक्षे लावणारा शेतकरी निराळा, त्याची बाग निराळी आणि बहुधा त्याचा करारही निराळा. हे मी गटावर सविस्तर लिहिले. त्यावर एका काकांनी हात जोडल्याचे चित्र टाकले.

शेतकऱ्याच्या नावाने वाइन खपवण्याची युक्ती काही नाशिकची नव्हे, हेही मी लिहिणार होते. सालाझार या हुकूमशहाच्या राजवटीत इथे घोषणाच होती की वाइन पिणे म्हणजे दहा लाख पोर्तुगीजांच्या तोंडी भाकरी घालणे. ते मात्र मी लिहिले नाही. लिहिले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग तिथले लोक किती पितात, आणि माणशी पिण्यात हा देश जगात पहिल्या रांगेत आहे हे मला कबूल करावे लागले असते. लेबलावर चौदा टक्के मद्यार्क छापलेला असताना ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे म्हणवत नाही, आणि भावाच्या विरोधी बाजूला उभे राहायचे असले की मला तेच म्हणावेसे वाटते.

गेल्या दिवाळीत रिझर्व्हाची, म्हणजे वरच्या प्रतीच्या वाइनची, एक बाटली घरी नेली होती. आईने विचारले, “तू घेतेस का गं?” वडील माळकरी होते, त्यांची तसबीर समोरच्या भिंतीवर. मी म्हणाले, ऑफिसातल्या कोणासाठी तरी आणली आहे. आईने ती धान्याच्या कोठीमागे ठेवली आणि पुन्हा तिचा विषय काढला नाही. इथे परत आल्यावर गटावर ढोंगीपणाविरुद्ध मी तीन परिच्छेद लिहिले.

यंदा सप्टेंबरमध्ये रेगेंगुशहून परतताना रस्त्याकडेच्या एका बागेत काढणी चालली होती. उन्हामुळे पहाटेच सुरू झालेले काम संपत आले होते आणि क्रेटवर बसून पाणी पिणारे मजूर पंजाबी आणि नेपाळी होते. मी फोटो काढायला थांबले, तेव्हा त्यांच्यातला एकजण हसून म्हणाला, “दीदी, इंडिया से?” त्याची बोटे माझ्या त्या नखांसारखीच जांभळी होती. मी त्याला पोर्तुगीजमध्ये ‘बों दीया’ म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. मागच्या सीटवर सहा बाटल्यांचे खोके होते. वळणावर ते किणकिणले.