ठसा म्हणे! ‘एक चिकित्सक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आजोबांच्या ब्रह्मदेशी चांदीच्या वाडग्यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘एक चिकित्सक’ अशा नावानं आलेली प्रतिक्रिया पूर्ण देते. मी सोयीचं तेवढं उचललं, असं नंतर कुणी म्हणायला नको.

‘ताई, भावना पोचल्या. पण असली भांडी ठशावर काढलेली असतात, आपल्या देवांच्या टाकांसारखी. त्यात हस्तकला कसली? तळाला कारागिराचं नाव नाही, म्हणजे रंगूनचं हेसुद्धा ऐकीवच. चांदी किती टक्के ते तपासलंत का? आणि थिबा राजा रत्नागिरीला १८८५ मध्ये नाही, १८८६ मध्ये आला. थोडा अभ्यास करून लिहावं.’

आधी चूक कबूल करते. १८८५ च्या नोव्हेंबरात थिबाची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली, राजाला आधी मद्रासला ठेवलं आणि रत्नागिरीला आणलं ते १८८६ च्या एप्रिलात. मी रत्नागिरीची असून हे चुकावं, याची मलाच लाज वाटली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘भावना पोचल्या’. चिकित्सक साहेब, हे दोन शब्द तुम्ही एखाद्या पुरुषाच्या लेखाखाली लिहिले असते का? बाई आजोबांबद्दल लिहिते म्हणजे ती डोळे पुसत लिहिते, असं तुम्ही धरूनच चाललात. मी तो वाडगा गेली चाळीस वर्षं हातानं घासते आहे. आधी आईच्या देखरेखीखाली विभूतीनं, आता एकटीनं. त्याचा कोपरा न् कोपरा माझ्या बोटांना पाठ आहे. तुम्ही फोटो पाहिलात, तोही बहुधा मोबाइलवर, आणि ‘ठशावर काढलेलं’ असा निकाल देऊन मोकळे झालात.

ठशाचंच बोलू मग. टाक कसा करतात? ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा आणि ठोकायचा. खंडोबा उमटतो, दुसऱ्या पत्र्यावर तोच खंडोबा पुन्हा उमटतो. (तो ठसा कोरणारा काय यंत्र होता? टाकाला ‘कसली हस्तकला’ म्हणताना तुम्ही आपल्याच कारागिरांनाही एक टपली मारलीत. असो.) पत्रा सपाट म्हणून हे जमतं. माझा वाडगा पोटाशी फुगीर आणि काठाशी आत वळलेला आहे. ठशातून तो बाहेर कसा काढणार? पेढ्यासारखा दाबून?

हे भांडं घडतं ते असं. चांदीची जाड चकती तावायची, ठोकायची, पुन्हा तावायची, आणि वाटीचा आकार वर येईपर्यंत हेच करत राहायचं. आपल्या तांबट आळीत मठारकाम ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं निम्मं कळेल. मग आत राळ ओतून भांडं भरीव करायचं, बाहेरून चित्र रेखून आजूबाजूची जागा बारीक छिन्नीनं खाली बसवायची. राळ तापवून काढायची, आतून आकृत्या बाहेर ढकलायच्या, पुन्हा राळ भरायची आणि बाहेरून नाक, डोळे, नेसणीच्या चुण्या काढायच्या. ब्रह्मदेशात सोन्याचांदीचं काम दहा पारंपरिक कलांमध्ये मोजतात, आणि त्या दहा कलांना एकत्र नाव आहे ‘दहा फुलं’. तुमच्या लेखी ठसे.

माझ्या वाडग्यावर वेस्सन्तर जातक आहे, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, तिकडच्या कारागिरांची आवडती कथा. पांढरा हत्ती दान देणारा राजपुत्र, मग वनवास, मग त्याची दोन मुलं मागायला आलेला म्हातारा ब्राह्मण. हत्तीच्या कपाळाच्या मागच्या बाजूला, म्हणजे वाडग्यात आतून, एक काळा ठिपका आहे. लहानपणी मी तो मळ समजून सुईनं खरवडायला गेले तर आईनं हातावर चापट मारली. ती राळ आहे, कारागिराकडून पुरती निघाली नाही ती. आणि चित्रांभोवती कमानीसारख्या चौकटी आहेत, एकूण सहा. पाच जवळपास सारख्या, सहावी चांगली दोन बोटं अरुंद. सुरुवातीला हात सैल सोडला आणि फेरी पुरी होताना जागा संपली! त्या सहाव्या चौकटीत ब्राह्मण वेलीनं हात बांधलेल्या मुलांना ओढतोय, आणि जागा नाही म्हणून धाकटी मुलगी भावाच्या पाठीशी निम्मी दडली आहे. ठशात अशी फजिती होत नाही.

आता बाकीचं. तळाला नाव नाही हे खरं, पण नाव कोरायची पद्धत तिथे फारशी नव्हतीच. बहुतेकदा एखादं चित्र कोरत, प्राणी किंवा देवता. आमच्या वाडग्याच्या तळाशी बसलेलं हरीण आहे. विलायती चांदीसारखे शिक्के शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. रंगूनचं ‘ऐकीव’ म्हणता? आजोबा रंगूनच्या बंदरात हिशेबनीस होते. १९४२ साली प्रोमवरून डोंगर ओलांडून, टाउंगुपच्या वाटेनं चालत निघाले, तेव्हा हा वाडगा धोतरात गुंडाळून कमरेला बांधलेला होता. वाटेत त्यातच भात शिजवून खाल्ला. बुडाचा काळपटपणा अजून पुरता गेलेला नाही. यावर पावती मागायची असेल तर क्षमा करा, जपानी बॉम्ब पडत असताना पावत्या सांभाळायचं त्यांना सुचलं नाही.

चांदीच्या टक्क्यांचं म्हणाल, तर आजोबा सांगायचे की त्यांनी स्वतःचे रुपये वितळवायला दिले होते, आणि त्या वेळच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. एका सराफाकडे मी एकदा वाडगा नेला होता. त्यानं कमानींकडे बघितलंसुद्धा नाही, वजन केलं, घट सांगितली आणि मोडीचा भाव लावला. तुमचा प्रश्न वाचताना मला त्याचा तराजूच आठवला.

अभ्यासाचं राहिलं. १९०२ साली टिली नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं याच चांदीकामावरचं अख्खं पुस्तक निघालं, क्लिअर नावाच्या छायाचित्रकाराच्या फोटोंसकट. ते फोटो बघा, मग आपण बोलू. मी अभ्यासक असल्याचा दावा लेखात कुठेही केलेला नाही. पण ज्यानं वस्तू हातात धरलेली नाही त्यानं मला ‘अभ्यास करून लिहावं’ सांगावं, हे जरा जास्त झालं.

उद्या दिवसाच्या उजेडात वाडग्याच्या आतल्या बाजूचे फोटो काढून टाकते, राळेचा ठिपका आणि सहावी चौकट दोन्ही दिसतील असे. त्याखाली जरूर लिहा, फक्त या वेळी स्वतःच्या नावानं.