पाचच मिनिटं, काका

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पूर्वेकडच्या भिंतीला लागून बारा संगणक मांडलेले आहेत आणि त्यांच्या वर, थर्माकोलच्या निळ्या अक्षरांत, ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे वाक्य डकवलेले आहे. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगणाऱ्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे हे चौथे सूत्र. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि त्यातला ‘वे’ गळून पडला, त्यामुळे सध्या ते ‘वाचकाचा ळ वाचवा’ असे वाचावे लागते. मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे मला हे दुसरे आवाहनही तितकेच निकडीचे वाटते. परंतु त्या भिंतीखाली बसलेल्यांना वेळ किंवा ळ, दोहोंपैकी काहीही वाचवायची घाई नसते.

रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले; त्यापूर्वी ते गणित शिकवीत असत. १९३१ साली त्यांची सूत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मिनिट म्हणजे साठ सेकंद, हे गणिताचा माणूस गृहीतच धरतो. ‘पाचच मिनिटं’ या आपल्याकडच्या कालमापनाशी त्यांची गाठ पडली असती तर सहावे सूत्र लिहिल्यावाचून ते राहिले नसते, असे मला उभ्या उभ्या अनेकदा वाटले आहे. उभ्या उभ्या अशासाठी, की या ग्रंथालयात विचार करण्याची माझी जागा खुर्चीत नसून खुर्चीच्या मागे असते.

घरी लॅपटॉप असलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने तेथे जावेच कशाला, असा प्रश्न आमच्या घरात दर शनिवारी विचारला जातो. उत्तर असे, की मी या वयात पीएच.डी. करतो आहे, आणि विद्यापीठाने वर्गणी भरलेली संशोधनपत्रिका विद्यापीठाच्या जाळ्यातल्या संगणकावरच उघडते. पत्रिका विकणाऱ्या कंपनीचे यंत्र वाचक कोण आहे हे पाहत नाही, तो कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या ओळखक्रमांकावरून, आला आहे तेवढेच पाहते. माझ्या सोसायटीचा पत्ता त्याला मान्य नाही. घरबसल्या प्रवेश मिळण्याची सोय आहे, असे मला एका सहकाऱ्याने सांगितले. ती आहेही. फक्त तिचा अर्ज विद्यापीठाच्या जाळ्यातूनच भरावा लागतो.

बारा संगणकांपैकी तीन केवळ ग्रंथसूची पाहण्यासाठी राखून ठेवलेले आहेत आणि त्यांवर कोणीही ग्रंथसूची पाहत नाही. दोघांच्या पडद्यांवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी आहे. ती इतकी जुनी झाली आहे, की तिच्यावर नवी चिकटपट्टी लावून तिचेच जतन करण्यात आले आहे. एक संगणक सुरू होतो, पण त्याला माउस नाही. उरले सहा. या सहांसाठी दाराशी एक रजिस्टर असते आणि त्याला दोरीने बांधलेले पेन असते. म्हणजे दोरी असते. नियमानुसार प्रत्येकाला तीस मिनिटे मिळतात. रजिस्टरात ‘येण्याची वेळ’ आणि ‘जाण्याची वेळ’ असे दोन रकाने आहेत, आणि बहुतेक सज्जन दोन्ही रकाने येतानाच भरून टाकतात, त्यामुळे कागदोपत्री आमच्या ग्रंथालयाइतके शिस्तीचे ग्रंथालय राज्यात दुसरे नसेल. मी एकदा अकरा वाजता गेलो, तेव्हा एक विद्यार्थी साडेअकराला गेल्याची सही करून समोर बसलेला होता.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची जी विद्या आपल्या आधीच्या पिढ्यांनी जोपासली, ती एसटीबरोबरच लयाला जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ती ग्रंथालयात सुखरूप आहे. खुर्चीवर वही ठेवणे ही तिची प्राथमिक पायरी. पाण्याची बाटली किंवा हेल्मेट ठेवणारे पुढच्या इयत्तेतले. एकदा मात्र मला कळफलकावरच ठेवलेला जेवणाचा डबा भेटला. डबा कोमट होता, आतून मेथीच्या भाजीचा वास येत होता, आणि त्याच्या वजनाने दाबल्या गेलेल्या एका कळीमुळे पडद्यावर ‘क’ या अक्षराची रांगच्या रांग उमटत चालली होती. रुमालाने धरलेली जागा रिकामी असते; डब्याने धरलेली जागा कामही करीत असते. तो उचलून बाजूला ठेवण्याचे धैर्य सहा जणांच्या रांगेत एकालाही झाले नाही. रांग मोडणाऱ्याशी भांडायला आपण एका पायावर तयार असतो, पण दुसऱ्याच्या डब्याला हात लावणे ही निराळी गोष्ट आहे. मालक चाळीस मिनिटांनी आला, डबा घेऊन जेवायला गेला, आणि जाताना त्या जागी त्याने वही ठेवली.

खुर्चीमागे उभे राहण्याचे एक शास्त्र आहे. फार जवळ उभे राहावे तर बसलेल्याला वाटते, की आपण त्याचा पडदा वाचतो आहोत. आपण खरोखरच वाचत असतो, पण तसे वाटता कामा नये. फार दूर उभे राहावे तर नवा आलेला मधल्या जागेत शिरतो आणि निष्पापपणे विचारतो, ‘‘तुम्ही रांगेत आहात का?’’ दीड फरशी हे अंतर मला अनुभवाने योग्य वाटते. तेथे उभे राहून प्रथम घड्याळ पाहावे, मग किल्ल्या या खिशातून त्या खिशात घालाव्यात, मग खाकरावे. खाकरण्याचा उपयोग हल्ली उरलेला नाही, कारण बसलेल्याच्या कानांत काही ना काही घातलेले असते. शेवटी बोलावेच लागते. ‘‘अजून किती वेळ?’’ असे सरळ विचारणे आपल्या तोंडून निघत नाही. आपण विचारतो, ‘‘तुमचं चालू द्या, फक्त साधारण अंदाज…’’ त्यावर मान न वळवता उत्तर येते, ‘‘पाचच मिनिटं, काका.’’

या उत्तरातले पहिले दोन शब्द मी समजू शकतो. महाविद्यालयात दिवसभर ‘सर’ म्हणवून घेतलेल्या माणसाला तिसरा शब्द पचवायला मात्र पाचाहून अधिक मिनिटे लागतात.

खुर्ची मिळाली म्हणजे संगणक मिळाला, असे समजू नये. आपल्या आधी बसलेला माणूस मराठी कसे टंकित होता, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. कोणी शासनमान्य इन्स्क्रिप्ट वापरतो, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. कोणी जुन्या टंकयंत्राच्या मांडणीवर हात बसलेला असतो. कोणी इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवतो. जाताना यांतले कोणीही ते मूळपदावर आणून ठेवत नाही. मी ईमेलचा पासवर्ड टाकू लागतो. पासवर्डाच्या जागी ठिपके उमटतात, आणि ते ठिपके मराठीत पडत आहेत की इंग्रजीत, हे ठिपक्यांवरून कळण्याचा कोणताही मार्ग विज्ञानाने उपलब्ध करून दिलेला नाही. तीन वेळा चुकल्यावर यंत्र मला विचारते, की आपण माणूस आहात काय. आणि ते सिद्ध करण्यासाठी नऊ चौकोनांतल्या ज्या चौकोनांत सिग्नलचे दिवे आहेत त्यांवर टिचक्या मारायला सांगते. त्या दिवशी दिव्याच्या खांबाचा एक कोपरा शेजारच्या चौकोनात गेला होता. खांब म्हणजे दिवा नव्हे, अशी भूमिका मी घेतली आणि ती नाकारण्यात आली. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, ‘‘काका, खांबपण.’’

याहून अवघड प्रसंग, आधीचा माणूस आपले खाते उघडेच टाकून गेला असेल तेव्हाचा. सभ्य माणसाने अशा वेळी पडद्यावरची नजर काढून घ्यावी आणि तत्काळ लॉगआउट करावे. पण लॉगआउटचे बटण पडद्यावरच असते आणि ते शोधताना नजर तेथेच ठेवावी लागते, हा या शिष्टाचारातला तांत्रिक दोष आहे. अशाच शोधात एकदा अर्धवट लिहिलेला एक ईमेल माझ्या दृष्टीस पडला. ‘आदरणीय मॅडम, प्रकरण तीन आज रात्री नक्की पाठवतो,’ एवढेच त्यात होते. पुढे मी वाचले नाही. पुढे काही नव्हतेच. परंतु त्या अनोळखी जीवाविषयी मला जी माया दाटून आली ती शब्दांत सांगणे कठीण आहे, कारण माझ्या स्वतःच्या खात्यात, माझ्या स्वतःच्या मार्गदर्शक मॅडमना लिहिलेले, याच प्रकरण तीनविषयीचे, असेच एक वाक्य तीन आठवडे न पाठवता पडून होते. मी अत्यंत आदराने त्याला लॉगआउट केले.

माझ्यावरच उलटलेल्या एका प्रसंगाची हकिकत येथे टाळता येणार नाही. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी मी सलग बसून एकोणचाळीस तळटीपा टंकल्या. पेनड्राइव्ह आणला नव्हता; मागे एकदा तेथे लावल्यावर त्यातील सर्व फोल्डर अदृश्य होऊन त्यांच्या जागी त्यांच्याच नावाचे शॉर्टकट उरले होते, तेव्हापासून मी त्याला घराबाहेर काढत नाही. इंटरनेट त्या वेळी बंद पडलेले होते. म्हणून मी फाईल डेस्कटॉपवर ठेवली, तिला स्वतःचे नाव दिले आणि खाली चहाला गेलो. परत येईपर्यंत कोणीतरी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला होता. डेस्कटॉप धुतल्यासारखा स्वच्छ होता. ग्रंथालयाचे मामा शांतपणे म्हणाले, ‘‘सर, ह्याच्यात तसं सॉफ्टवेअर टाकलंय. बंद करून चालू केलं की होतं तसं होतं. पोरं काहीबाही टाकून ठेवतात ना.’’ काहीबाही या सदरात मोडणाऱ्या त्या एकोणचाळीस तळटीपांसाठी मी पाच महिने खपलो होतो. असे सॉफ्टवेअर सार्वजनिक संगणकासाठी अतिशय योग्य आहे, हे मला बुद्धीला पटते. संगणक बंद कोणी केला, हे मी रजिस्टरात पाहिले; नोंदीप्रमाणे त्या वेळी तेथे कोणीही नव्हते.

तेव्हापासून मी उठत नाही. चहा नाही, पाणी नाही. म्हणजे ज्या जमातीविषयी मी वर इतके लिहिले, त्या जमातीत मी रीतसर दाखल झालो आहे, आणि ते माझ्या ध्यानात आले गेल्या शनिवारी. सव्वाअकराला मला खुर्ची मिळाली होती. पुसलेल्या तळटीपांतल्या सव्वीस पुन्हा जमल्या होत्या, एका बाजूला मॅडमना ईमेल लिहायला घेतला होता, आणि मागे कोणीतरी उभे असल्याचे मला मानेवरच्या केसांना जाणवत होते. खाकरणे नाही, किल्ल्यांचा आवाज नाही. वळून पाहिले तर एक विद्यार्थिनी बरोबर दीड फरशीवर उभी होती. छातीशी प्लास्टिकची फाईल, तिच्यात पासपोर्ट फोटो आणि जातीच्या दाखल्याची घडी. ‘नेट’ या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस असल्याची सर्व लक्षणे होती.

‘‘काका, अजून…’’ ती म्हणाली.

‘‘पाचच मिनिटं,’’ मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही, पण वाक्य ओळखीचे होते.

ती काहीच बोलली नाही, आणि तेच अधिक जड गेले. भांडली असती तर मी नियम दाखवला असता. अर्थात नियम माझ्या विरुद्धच होता. थोड्या वेळाने मामा रजिस्टर घेऊन आले, सव्वाअकराच्या नोंदीवर बोट ठेवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, जे साडेबारा दाखवत होते, आणि नंतर माझ्याकडे पाहिले. अध्यापक असल्याची त्यांनी ठेवलेली एवढीच भीड. मी घाईघाईने उठलो, चष्मा घेतला, डबा घेतला (होय, मीही आता डबा नेतो), आणि जिना उतरून सायकलस्टँडपर्यंत गेल्यावर मला आठवले, की आपण लॉगआउट केलेले नाही.

मी धापा टाकीत परत वर पोहोचलो तेव्हा ती आपला फोटो अर्जाच्या चौकोनात बसवण्याच्या खटपटीत होती. माझ्याकडे न वळताच म्हणाली, ‘‘केलं लॉगआउट, काका. तुमची फाईल आधी तुमच्याच मेलला जोडून ठेवलीय, नाहीतर बंद केल्यावर पुसली जाते इथं.’’

मी आभार मानले. ती क्षणभर थांबली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘मी मेल वाचला नाही हं. फक्त ‘आदरणीय’मधला णी ऱ्हस्व पडलाय, पाठवताना तेवढा बघा.’’

आपण कोणता विषय शिकवतो हे तिला सांगण्याची ही वेळ नव्हे, एवढा शिष्टाचार मला त्या क्षणी सुचला. मी रजिस्टराकडे गेलो आणि ‘जाण्याची वेळ’ या रकान्यात पावणेबारा असे लिहिले.