चोप्रांची रांग कुठे आहे?

ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने फुटबॉलमध्ये भारताला २-१ असं हरवलं आणि आशियाई चषकाचं तिकीट हातचं गेलं. तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींचं एकच पालुपद: परदेशातली भारतीय वंशाची पोरं आणा, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते; त्याने नागरिकत्व मिळत नाही) खेळवा. इथे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये हे ऐकलं की मला फुटबॉलपटू मायकेल चोप्रा आठवतो.

चोप्रा इथल्याच गॉस्फर्थचा. वडील भारतीय, आई इंग्लिश. न्यूकॅसल युनायटेडच्या अकादमीत घडला. एप्रिल २००६मध्ये संडरलंडच्या मैदानावर संघ ०-१ असा मागे असताना बदली म्हणून उतरला आणि पहिल्याच स्पर्शात गोल! सामना ४-१ असा जिंकला. पुढच्या मोसमात कार्डिफकडून लीगमध्ये २२ गोल केले. मग संडरलंडने त्याला ५० लाख पौंडांना उचललं, म्हणजे गडी थेट हाडवैऱ्याच्या घरी नांदायला गेला. तिथेही पदार्पणातच टॉटनहॅमविरुद्ध अगदी शेवटी विजयी गोल. नंतर जुगाराने त्याला पोखरलं, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. २०१४मध्ये भारतातल्या केरळा ब्लास्टर्स क्लबकडे आला तेव्हा तिशीला टेकला होता.

भारताकडून खेळायची इच्छा त्याने बोलून दाखवली होती. आड आला पासपोर्ट. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे भारतीय व्हायचं तर आधीचं नागरिकत्व सोडायचं. पुणे एफसीच्या अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३मध्ये भारताकडून खेळला. पण असं किती जण करणार? बांगलादेशाला ही अडचण नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेला हमझा चौधरी त्यांच्याकडून पहिला सामना खेळला तो आपल्याविरुद्धच, शिलाँगला.

तेव्हा नियम सैल करा, जरूर करा. पण इकडे चोप्रांची रांग लागलीय, हे कोणी सांगितलं? इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंत दक्षिण आशियाई वंशाचे शंभरात एकही भरत नाहीत. क्लबांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आपल्या वस्त्यांकडे फारसे फिरकत नाहीत, ही तक्रार जुनी आणि रास्तच. दुसरं कारण आपल्याच घरातलं. आठ-नऊ वर्षांच्या गटात आपली पोरं भरपूर. गुडघ्यापर्यंत चिखल, आया डिकीतून थर्मास काढून चहा ओततायत, बाप रेफ्रीवर मराठीत डाफरतायत (रेफ्रीला कळत नाही हे बरंय). चौदाच्या गटात मात्र आपलं पोर शोधावं लागतं. आमच्या गल्लीतला एक डावखुरा पोरगा दोन-दोन जणांना सहज चकवायचा. बापाला विचारलं, तर म्हणाला, "आता जीसीएसई आली ना हो. खेळेल की सुट्टीत." (जीसीएसई म्हणजे इथली दहावी.) सुट्टीत खेळून कोणी अकादमीत जात नाही. आणि दिल्लीने उद्या नियम बदलला तरी शनिवारच्या सरावाला हा पोरगा यायचा नाही. त्या वेळेला त्याचा गणिताचा क्लास असतो.